बर्फजोड्यांची वही: धरणगाव ते औली

माझं धरणगावला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मधूनमधून ठिबकच्या फिल्टरचे स्टँड. बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीवर आणि लग्नात. भाची आणि तिची मैत्रीण फेब्रुवारीत उत्तराखंडात, औलीच्या वर गोरसोन बुग्यालला (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं कुरण) जाणार होत्या. दिवाळीत भाचीने मोबाइलवर स्नोशूचा, म्हणजे मऊ बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जोड्याचा, फोटो दाखवला. एका जोडीची किंमत वीस हजारांच्या आसपास. म्हणाली, “मामा, हे तर पाइप, पत्रा आणि पट्टेच आहेत ना?” त्या एका ‘ना’ने माझे तीन महिने खाल्ले. तिथे भाड्याने मिळतात का, हे आधी विचारायला हवं होतं. ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

दोन जोड्या झाल्या. कुणाला करायच्या असतील तर माझ्या चुका फुकट घ्या, त्यांचे पैसे मी भरलेत.

९ नोव्हेंबर

आज फक्त मापं. भाचीचं वजन ५६ किलो. कपडे, बूट आणि पाठीवरची सॅक धरून ७०. तिच्या बुटाचा तळ आलेखाच्या कागदावर आखून चौकटी मोजल्या, २२५ चौरस सेंटिमीटर भरला. २५ इंची स्नोशू साधारण ८० किलोपर्यंतच्या माणसाला चालते, म्हणून तेच माप धरलं. लांबी ६३ सेंटिमीटर, रुंदी २१, पुढून गोल, मागे निमुळती. क्षेत्रफळ ११०० च्या घरात. म्हणजे एका पायावर उभं राहिलं की दर चौरस सेंटिमीटरवर ३१० ग्रॅम भार यायचा तो ६४ वर येतो.

एक गैरसमज पहिल्याच दिवशी गेला. मला वाटायचं, हे घातलं की माणूस बर्फावर सतरंजीवर चालावं तसा चालतो. तसं नसतं. ताज्या भुसभुशीत बर्फात स्नोशू घालूनही पाय वीतभर आत जातो. नुसत्या बुटाने मांडीपर्यंत जातो, एवढाच फरक.

फरशीवर खडूने आकार काढला तेव्हा बापू, माझा हेल्पर, वाकून बघत म्हणाला, “भाऊ, हाई काय शे? चाळणी का?” बरफना जोडा आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, “आठे बरफ कोठे शे?” मग जरा वेळाने त्यानेच सुचवलं की मधे पत्रा कशाला, खाट विणतो तसं विणून टाकू. हसलो खरा, पण जुने जोडे तसेच असायचे. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून चौकट, आणि मधे कच्च्या चामड्याच्या वाद्यांची वीण. १९७२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जीन आणि बिल प्रेटर यांनी लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमची नळी, विणीच्या जागी निओप्रीन-नायलॉनचा सपाट पडदा, बूट धरून ठेवणारी, बिजागरीसारखी फिरणारी बांधणी आणि तळाला दात असा जोडा केला. आज दिसतात ते बरेचसे त्याच वळणाचे. विणकाम नको, असं मी बापूला सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

१२ नोव्हेंबर

जळगाव जिल्ह्यात राहून पीव्हीसी पाइप सोडून दुसरं काही सुचलं असतं तर नवल. हीटगनने एका दुपारात चौकट वळली. खर्च २४० रुपये. इतकी देखणी झाली की फोटो काढून भाचीला पाठवला.

मग मनात आलं, इथे डिसेंबरात पहाटे फार तर ८-९ अंश होतात. तिथे शून्याखाली. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे उणे १८ चा डीप फ्रीजर आहे. चौकटीचा तुकडा, निळ्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या ड्रमचा तुकडा, ट्रकची ताडपत्री, खाटेची निवार (पाण्यात भिजवून), नायलॉनची पट्टी (तीही भिजवून) आणि ट्रकच्या ट्यूबची पट्टी, असं सगळं पिशवीत घालून रात्रभर ठेवायला दिलं. आइस्क्रीमवाल्याने पिशवी उघडून पाहिली आणि काही विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर

पिशवी उघडली ती फ्रीजरशेजारीच, कारण दुकानात आणेपर्यंत सगळं कोमट झालं असतं.

पीव्हीसीवर हातोडीचा एकच ठोका. काचेसारखे तीन तुकडे, एक आइस्क्रीमच्या खोक्यांमागे गेला. एचडीपीईवर दहा ठोके, नुसते वळ उठले. ताडपत्री दुमडली तर घडीवर चीर गेली. निवार लाकडी फळी झाली होती, टेबलावर आपटली तर टकटक वाजली. नायलॉनची पट्टी वाकली, पण आतलं पाणी गोठून कुरकुरत होती, बकलमधून सरकेना. ट्यूब जराशी कडक, बाकी ठीक.

या एका रात्रीने निम्मा निकाल लावला. चौकट ॲल्युमिनियमची, पडदा ड्रमचा, निवार बाद. फुकटात झालं. दोन कुल्फ्या घेतल्या, त्याचे ४०.

१९ नोव्हेंबर

वाया गेलेला दिवस. भंगारातून ॲल्युमिनियमची नळी आणली होती, चांगली कडक, टणटण वाजणारी. वाकवायला घेतली तर बाहेरच्या बाजूने फाटली. दुसरी चपटी झाली. मग गरम करून वाकवायचं ठरवलं. साबण चोळायचा, गॅसच्या जाळाने तापवायचं, साबण काळा पडला की थांबायचं. ॲल्युमिनियम तांबडं न होताच वितळतं, म्हणून ही खूण लागते. नळी चेपू नये म्हणून आत वाळू ठासली आणि दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या ठोकल्या.

वाळू गिरणेची होती आणि ओली होती. हाताला कोरडी लागत होती, पण ओली होती. वाफ झाली, गुडदी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि वरच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आली. बापू तेव्हा नळीच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून ही नोंद हसत लिहिता येतेय. बंद नळीत ओली वाळू घालून ती तापवू नका. घातलीच नाही तर उत्तम.

२३ नोव्हेंबर

वाळूचा प्रश्न भडभुंज्याने सोडवला. फुटाणे भाजून भाजून त्याच्या कढईतली वाळू इतकी कोरडी आणि बारीक झालेली असते की नळीत पाण्यासारखी उतरते. पाच किलो घेतली, पैसे घेईना, पाव किलो फुटाणे घेतले.

नळीही बदलली. जळगावहून खिडक्यांच्या कामाची मऊ जातीची, ६०६३ ची, २० मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची १२ फुटी लांबी आणली, ३७० रुपये. एका लांबीत एक जोडी होते. बोअरच्या ६ इंची केसिंगचा तुकडा जमिनीत पुरून त्याभोवती वाकवली. न तापवता, सावकाश, दोघांनी. नळी थोडी परत उघडते, त्यामुळे बाहेरून बाहेर बरोबर २१-२२ आली. पुढचं टोक चार बोटं वर उचललं, नाहीतर ते बर्फात घुसतं.

ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगचं मशीन माझ्याकडे नाही. मागची दोन टोकं आत सळई घालून रिव्हेटने जोडली.

२४ नोव्हेंबर

साबणवाली चौकट आणि थंड वाकवलेली चौकट, दोन्ही विटांवर आडव्या ठेवून मी वर उभा राहिलो. वजन ८४. साबणवाली हळूच खाली बसली, बाजेच्या सुंभासारखी. थंडवाली जागची हलली नाही. तापवल्याने धातू मऊ पडतो आणि नुसता गार केल्याने त्याची ताकद परत येत नाही. ती आणायची तर भट्टी लागते, मोजून तापमान द्यावं लागतं. आपल्या दुकानात ते होत नाही. साबणवाली चौकट आता सायकलींचं स्टँड आहे.

१ डिसेंबर

पडदा. २०० लिटरचा निळा ड्रम उभा कापला, उन्हात दोन दिवस दगडांखाली सपाट केला. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा असेल तर कापायच्या भानगडीत पडू नका. माझा साबणाच्या कारखान्यातला होता, कापताना दुकानभर लिंबाचा वास.

पहिल्यांदा नळीलाच भोकं पाडून पडदा रिव्हेट केला. उड्या मारून पाहिलं, सहाव्या उडीला भोकाजवळ बारीक तडा. म्हणून चौकटीला भोक पाडणं बंद. पडद्याला कडेने जिभा ठेवल्या, हीटगनने मऊ करून नळीभोवती वळवल्या आणि पडद्यालाच परत रिव्हेट केल्या, खाली मोठे वायसर घालून. नळी शाबूत राहते आणि जिभा झिजल्या तर बदलता येतात. एका जोड्याला अकरा जिभा, अकरा रिव्हेट. इथवरचं काम मला येतं. पुढचं येत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

७ डिसेंबर

बांधणी, पहिला प्रयोग. पायाखालची पट्टी ट्यूबच्या रबराने दोन्ही बाजूंना ताणून बांधली. याला अचल बांधणी म्हणायला हरकत नाही. पाय उचलला की रबर जोड्याची शेपटी ओढून वर आणतं. पळायला आणि फांद्या-दगड ओलांडायला हीच बरी म्हणतात.

बांभोरीजवळ गिरणेच्या वाळूत गेलो. पाच पावलांत तोंडावर पडलो. पट्टी मी जोड्याच्या बरोबर मध्यावर लावली होती, तराजूच्या दांडीसारखी. पाऊल उचललं की नाक खाली जायचं आणि वाळूत रुतायचं. वाळूच्या ट्रॅक्टरवरच्या पोरांनी व्हिडिओ काढला, तो संध्याकाळपर्यंत गावात पोचला.

नियम सोपा आहे. जोडा बांधणीला धरून उचला, शेपटी खाली लटकली पाहिजे आणि नाक वर. पट्टी पुढे सरकवत सरकवत नाकापासून २५ सेंटिमीटरवर आली तेव्हा जोडा आपोआप नाक वर करून लटकला.

१४ डिसेंबर

वाळू हा बर्फ नाही. वाळू सरकते, बर्फ दबतो. खान्देशात दबणारं, पांढरं आणि ढिगाने काय मिळतं? हंगाम चालू होता. जिनिंगवाल्या शेठकडे गेलो, कापसाचे बारा फुटी ढीग लागले होते.

शेठने सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं: लोखंड चालणार नाही. कापसात एक खिळा गेला आणि जिनच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, पात्यात सापडला की ठिणगी, ठिणगी म्हणजे आग. त्यांचं बरोबर होतं. दात अजून लावले नव्हतेच. रिव्हेट ॲल्युमिनियमचे, पण पोटात पोलादी खिळ्याचं डोकं राहतं. प्रत्येक रिव्हेटवर चिकटपट्टी लावली, दोन्ही पायांतल्या जोड्यांचे मिळून २२ मोजले, शेठसमोर कागदावर आकडा लिहून दिला आणि चढलो.

आधी नुसत्या पायाने गेलो, गुडघ्याच्या वर गेलो. मग जोडे घालून, घोट्यापर्यंत. तीन महिन्यांतला सगळ्यांत आनंदाचा क्षण हा. बापूने वरूनच आरोळी ठोकली. पण दहा पावलं चालल्यावर शर्टात काहीतरी टोचायला लागलं. प्रत्येक पावलाला रबर शेपटी झटकत होतं आणि तिच्यावरचा कापूस माझ्या पाठीवर, मानेवर, कॉलरच्या आत. सरकीसकट. बर्फात नेमकं हेच होतं, अचल बांधणीची शेपटी पोटऱ्यांवर आणि पाठीवर बर्फ उडवते. वाचलं होतं, पण मानेत सरकी गेल्याशिवाय पटलं नाही.

उतरल्यावर रिव्हेट मोजले. २१.

शेठ काही बोलले नाहीत, खुर्ची मागवून ढिगासमोर बसले. आम्ही बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन दीड तास कापूस चाळला. शेवटी बापूने काढून फेकलेल्या चिकटपट्टीचा बोळा उलगडला, रिव्हेटचं डोकं त्यातच चिकटलेलं होतं. शेठनी कागद फाडला आणि चहा सांगितला.

२१ डिसेंबर

अचल बांधणी रद्द. आता पाय एका आडव्या दांडीवर फिरणार, झोपाळ्याची कडी फिरते तसा. चवड्याखाली दांडी, टाच मोकळी. पाय उचलला की शेपटी जमिनीवरच घसटत येते, तिच्यावरचा बर्फ तिथेच गळतो, आणि जोड्याचं सगळं वजन दर पावलाला उचलावं लागत नाही. चढावर बुटाचं टोक पडद्यातल्या खिडकीतून खाली जाऊन बर्फात रोवता येतं. तोटा एवढाच की उलट पावली मागे जाता येत नाही, शेपटी रुतते.

पायाखाली ५ मिलिमीटर एचडीपीईची पट्टी, तिला दोन क्लॅम्प, क्लॅम्पमधून ८ मिलिमीटरची स्टेनलेस दांडी चौकटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. ओट्यावरून खाली उडी मारली. दांडीचं धनुष्य झालं आणि बांधणी फिरायचीच बंद. गेटच्या कडीला ८ ची सळई वर्षानुवर्षं टिकते म्हणून इथे लावली. पण कडीवर माणूस उडी मारत नाही.

२८ डिसेंबर

१० ची लावली, तीही जराशी वाकली. १२ ची वाकली नाही. जोड्यामागे शंभर ग्रॅम वाढले, जीव जळला. दांडी चौकटीवर जिथे टेकते तिथे लोखंडी क्लॅम्प ॲल्युमिनियमला घासून खातो, म्हणून मधे ड्रमच्याच प्लॅस्टिकचं बुश वळवून घातलं.

कापसाच्या ढिगावर परत गेलो. पाठ कोरडी, म्हणजे निःकापूस. मोजणी २२.

५ जानेवारी

पट्टे. यावर आठ दिवस गेले आणि दिसायला काहीच झालं नाही.

नायलॉन पाणी पितं, बाद. ट्यूब टिकते, पण ताणून गाठ मारावी लागते. गाठ गोठली की सुटत नाही. चांगल्या जोड्यांना हल्ली पॉलियुरेथेनचे ताणले जाणारे पट्टे असतात, पाणी पीत नाहीत, थंडीत लवचीक राहतात. ३ मिलिमीटरची शीट नाशिकहून मागवली, ९५० रुपये, या कामातली सगळ्यांत महाग खरेदी. चर्मकार दादांकडून २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून घेतल्या, दर बोटाला एक भोक पाडून घेतलं. पहिल्या पट्टीत त्यांनी चौकोनी भोकं पाडली होती, तिचे कोपरे ताणल्यावर फाटले. गोल भोकं फाटत नाहीत.

बकल दुकानातल्या नजरेने निवडलं होतं, छोटं, चकचकीत. मग भाचीच्या सांगण्यावरून जाड लोकरी हातमोजे घालून, वर पिशवी, हात दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून लावायला बसलो. पहिल्या पायाला चार मिनिटं लागली, दुसऱ्याला शिव्या. ते बकल काढून शाळेच्या दप्तराचं मोठ्या काट्याचं लावलं आणि पट्ट्याचं टोक बोटात धरता यावं म्हणून तीन बोटं लांब सोडलं. आता डोळे मिटून ४० सेकंदांत.

तीन पट्टे आहेत: एक चवड्यावर, एक बोटांच्या मुळाशी, एक टाचेमागून. टाचेचा पट्टा बुटाला खाली दाबत नाही, फक्त पाय मागे निसटू देत नाही. हे समजायला मला दोन रात्री लागल्या, कारण मी टाच जोड्याला बांधायला बघत होतो. टाच बांधली तर दांडी कशाला बसवली?

१४ जानेवारी

संक्रांतीला भाची आली, तिळाचे लाडू आणि डोंगरावरचे बूट घेऊन. मी इतके दिवस माझ्या कॅनव्हासच्या बुटांवर चाचण्या करत होतो. तिच्या बुटाचं नाक जाड, रबर मढवलेलं. पडद्यातल्या खिडकीच्या कडेला अडकलं, पाय फिरेनाच. म्हणजे चढावर एक पाऊलही टाकता आलं नसतं.

चारही खिडक्या २ सेंटिमीटरने वाढवल्या. त्यात एका जोड्यात खिडकीची कड दांडीच्या क्लॅम्पला जाऊन भिडली, पडदा नवीन करावा लागला. पहिल्याच दिवशी बूट मागवला असता तर अर्धा दिवस आणि अर्धा ड्रम वाचला असता.

२६ जानेवारी

दात. वखराच्या जुन्या पाशीतून कापावेत असं डोक्यात होतं, घरचं पोलाद, फुकट. दोन ड्रिल बिट मोडले, पास तशीच हसत राहिली. ती परत कोपऱ्यात. २ मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याला काटकोनात वळवून ग्राइंडरने त्रिकोण काढले. पुढचे दात पायाच्या पट्टीखाली, म्हणजे पायाबरोबर फिरतात आणि चढावर बोटं रोवली की तेही रोवतात. टाचेखाली पडद्याला दोनच दात.

टाचेखाली उभी करता येणारी तारेची कमानही बसवली, ५ मिलिमीटर स्प्रिंगची तार. उभ्या चढावर ती उभी केली की टाच उंचावर टेकते आणि पोटऱ्या वाचतात. जिन्यावर फळी टाकून पाहिलं, भाची म्हणाली हिच्यासाठी सगळं माफ.

बांबूच्या काठ्यांना ड्रमच्याच चकत्या. दहा मिनिटांचं काम.

२ फेब्रुवारी

वजन: एक जोडा १ किलो २९० ग्रॅम. विकतचा किलोच्या आतबाहेर असतो. माझे तीनशे ग्रॅम दांडीत आणि वायसरांत आहेत.

खर्च: दोन जोड्यांना मिळून ६,१५० रुपये. त्यातले जवळजवळ २,३०० वाया गेलेल्या मालाचे. मजुरी धरलेली नाही. वेळ, वहीतल्या खुणांवरून, १४० तास. त्यातले चौकट आणि पडद्याला ३५. बाकी सगळे पायाखालच्या त्या वीतभर जागेत गेले.

भुसावळहून त्यांची गाडी सुटली. जोडे सॅकला बाहेरून बांधलेले. डब्यातल्या एका काकांनी विचारलं, बॅडमिंटन का?

१० फेब्रुवारी

औलीहून पहिला आवाजी निरोप. मागे वाऱ्याचा घों घों. “मामा, वर राहतंय! वीतभरच जातोय पाय!” आणि मग बराच वेळ नुसतं हसणं. हा निरोप बापूला चार वेळा ऐकवला.

११ फेब्रुवारी

दुसरा निरोप, हसू कमी. दुपारी ऊन पडलं की बर्फ ओला होतो आणि पुढच्या दातांमधे गोळा धरतो. हळूहळू टाचेच्या बुटासारखं उंच होतं आणि दात बर्फाला लागतच नाहीत. काठीने ठोकून पाडत गेल्या. पडद्याला मात्र काहीच चिकटलं नाही, ड्रमचं प्लॅस्टिक गुळगुळीत आहे.

मैत्रिणीच्या डाव्या जोड्याचा क्लॅम्पचा नट ढिला होऊन पडला. आठ ठिकाणी नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे नट लावले होते. एका ठिकाणी संपले म्हणून साधा लावून ‘उद्या बदलू’ म्हटलं होतं. तोच पडला. तारेने बांधून निभावलं.

१२ फेब्रुवारी

तिसरा निरोप. याने मी रात्री जागाच राहिलो. सकाळी लवकर निघाल्या, तेव्हा वरचा थर रात्रीच्या थंडीने कडक झालेला. सरळ चढताना दात छान धरत होते. पण उताराला आडवं जायचं झालं की शेपटी खालच्या बाजूला घसरायची. नळी गोल आहे, गोल कडेला धार नाही. पुढचा पाय रोवलेला आणि मागचं अर्ध अंग वळलेलं. भाची दोनदा बसली, मैत्रीण दहा-पंधरा फूट घसरत गेली. खाली सपाट होतं, काही झालं नाही. तिथून दोघी परत फिरल्या, बुग्यालच्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. तो निर्णय त्यांचा आणि शहाणपणाचा.

वाळूत आडवा उतार नव्हता. कापसाच्या ढिगाला होता, पण तिथे दात लावायची बंदी. आणि कडक बर्फ तर आइस्क्रीमवाल्याकडेही नव्हता.

२० फेब्रुवारी

जोडे परत आले. टेबलावर उलटे ठेवून पाहिले.

पट्टे जसेच्या तसे. १२ ची दांडी सरळ. बुश थोडं झिजलंय. जिभांपैकी दोन सैल, दोन्ही शेपटीकडच्या. पुढच्या दातांची टोकं बोथट, स्टेनलेस मऊच. पाशीचं पोलाद हवं होतं, पण त्याला माझे बिट पुरत नाहीत.

दुरुस्ती दोन. दातांच्या मधे ड्रमच्या प्लॅस्टिकचा तुकडा बसवला, म्हणजे बर्फाला धरायला जागाच उरत नाही. आणि पडद्याच्या खाली, डाव्या-उजव्या कडेला, लांबीच्या दिशेने दातेरी पट्ट्या, दीड सेंटिमीटर उंच. पुढे काही कंपन्यांनी गोल नळीच टाकून देऊन चौकट उभ्या पट्टीची केली आणि तिच्याच खालच्या कडेला दात कापले, ते का, हे आता कळलं. पुढची जोडी करीन तर तशी. जोड्यामागे १४० ग्रॅम वाढले.

या पट्ट्या बर्फावर अजून तपासलेल्या नाहीत. दुकानामागच्या मुरमाच्या उतारावर शेपटी घसरत नाही, एवढंच सांगू शकतो. मुरूम म्हणजे बर्फ नव्हे.

१ मार्च

सकाळी जिनिंगच्या शेठचा फोन. ढिगावर माणसं चढतात तेव्हा कापूस फार तुडवला जातो, पाय रुततात, वेळ जातो. तशा चार जोड्या होतील का? पण एकही रिव्हेट नको, एकही नट नको, लोखंडाचा कणही नको.

मी म्हटलं, रिव्हेटशिवाय पडदा बसायचा कसा?

बापू बाजूलाच ग्राइंडर पुसत होता. काही बोलला नाही. दुपारी जेवून आला तो खांद्यावर खाटेच्या दोरीचं बंडल घेऊनच.